तालुक्याच्या दुकानातली मॅनलिचर

आधी निकाल सांगून टाकतो. ही जुनी ऑस्ट्रियन मॅनलिचर, रायफल म्हणून दहापैकी नऊ. लाकडाला दहापैकी दहा. आमच्या भागातल्या शेतकऱ्यानं वावर राखायला घ्यायची म्हणून दहापैकी दोन, तेही मी तिच्या प्रेमात पडलो म्हणून. दुकानाला सात. नुसत्या मिस्त्रीचाच विचार केला असता तर नऊ दिले असते, पण मालकही मोजावा लागतो.

दुकान चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्यात, एका तालुक्याच्या गावी आहे. नाव लिहीत नाही, कारण मालकाचं म्हणणं असं की नाव छापून आलं की गिऱ्हाइकं कमी आणि बघे जास्त येतात. आमच्याकडे ज्याच्याजवळ लायसन्स आहे त्याला दुकान माहीत आहेच. बाहेरून पाहाल तर हार्डवेअरचं वाटेल: लोखंडी जाळीचं दार, आत एक लांब काउंटर, भिंतीला दोन गोदरेजची कपाटं आणि मागच्या खोलीत मिस्त्रीचं टेबल. मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणतो.

मी गेलो होतो माझ्या .315 मापाच्या रायफलीच्या कामाला. रायफल ईशापूरच्या सरकारी कारखान्याची, पीक संरक्षणाच्या लायसन्सवर. धानाच्या बांध्या आहेत, धान निघालं की हरभरा आणि लाखोरी. रानडुकरं आमच्याकडे पाहुण्यासारखी येत नाहीत, घरच्यासारखी येतात. आता सोलरवरची झटका मशीन लावली आहे, जागलीला पोरं सुतळी बॉम्ब घेऊन बसतात. रायफल तशी क्वचितच बाहेर निघते, कारण डुकराला हात लावायचा तरी वनखात्याचा परवाना लागतो. पण ती घरात आहे हे बरं असतं.

तर या .315 च्या पुढच्या लाकडाला, जिथं ते पोलादाला टेकतं तिथं, बारीक चीर गेली होती. ली-एनफिल्डच्या (इंग्रज फौजेच्या जुन्या रायफलीच्या) ठेवणीतल्या रायफलींना हा रोग जुना आहे. त्यांचं लाकूड दोन तुकड्यांत असतं. बट (खांद्याला टेकणारा भाग) वेगळं, ते आतून जाणाऱ्या लांब बोल्टनं आवळलेलं, आणि पुढचं लाकूड वेगळं. धक्का बसतो तो पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला. त्यात आपलं हवामान. चंद्रपूरचा मे महिना लाकडाला सुकवून काढतो आणि श्रावण तेच लाकूड फुगवतो. वर्षानुवर्षं हे चाललं की चीर जाणारच.

चाचांनी रायफल उलटीसुलटी केली, चिरेवर नख फिरवलं आणि म्हणाले, "होऊन जाईल. पोळ्याच्या आधी देतो." मी काउंटरवर सही करत होतो तेवढ्यात मालकानं दुसरं कपाट उघडलं. "भाऊ, तुम्ही शौकीन माणूस आहा. एक चीज दाखवतो. कॉर्बेटसाहेबाजवळ अशीच होती."

हे वाक्य मी नागपुरापासून अमरावतीपर्यंत ऐकलं आहे. जुनी रायफल विकायला काढली की ती कॉर्बेटसाहेबाचीच होते. कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर 1907 मध्ये जी बक्षीस मिळाली ती .275 रिग्बी, तिचं यंत्र मॉझर या जर्मन कंपनीचं. मालकानं काउंटरवर ठेवली ती मॉझर नव्हती, हे लांबूनच कळत होतं. लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत गेलेलं, टोकाला छोटीशी पोलादी टोपी. बोल्टची, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या दांड्याची, मूठ चपटी, रुंद, खाली वाकवलेली, लाकडाला चिकटून बसणारी. पोलादावर स्टायर गावाचं आणि ऑस्ट्रियाचं नाव, मॉडेल 1903. मॅनलिचर-शॉनाऊअर.

आता गंमत पाहा. माझी .315 आणि ही, दोघी एका घराण्याच्या आहेत म्हटलं तर चालेल. इंग्रजांनी फौजेची .303 रयतेच्या हाती जाऊ नये म्हणून खासगी माणसाला लष्करी बोअर (नळीचं माप) बंद केला, आणि मग शिकारीसाठी वेगळ्या मापाची काडतुसं इकडं चालू झाली. त्यातली .315 टिकली. ती मुळात ऑस्ट्रियाच्या फौजेची 8 मिलिमीटर मॅनलिचर, 1890 च्या सुमाराची. म्हणजे आमच्याकडे धुऱ्यावर बसलेला लायसन्सवाला शेतकरी व्हिएन्नाच्या बादशहाच्या शिपायाचं काडतूस खिशात घेऊन बसलेला असतो. खुद्द ऑस्ट्रियात ते कधीच मागं पडलं, आपल्या खडकीच्या कारखान्यानं मात्र बनवत ठेवलं. ही 1903 ची मात्र 6.5 मिलिमीटरची. काडतूस वेगळं, लहान, त्यात लांबलचक, गोल नाकाची 160 ग्रेन वजनाची गोळी. विलायती व्यापारी त्याला .256 म्हणत.

लाकडाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्यासाठीच हे लिहायला बसलो.

अक्रोडाचं आहे. एकाच अखंड फळीतून, बटपासून तोंडापर्यंत. पुढच्या हातापाशी लाकूड साधं आहे, सरळ रेषांचं, आणि तसंच असायला पाहिजे, कारण तिथं रेषा वाकड्या असल्या की लाकूड पीळ खातं. मनगटापाशी रेषा पकडीबरोबर वळतात. फळी कापणाऱ्यानं डोकं लावलं होतं, नाहीतर जोर आला की रायफल तिथंच मोडते. आणि बटवर सगळं सोडून दिलेलं: मधासारखा पिवळसर रंग आणि त्यात काळ्या-तपकिरी धारा, वैनगंगेचं पाणी ओसरल्यावर वाळूत राहतात तशा. मालकानं ट्यूबलाइट बंद करून दारातल्या उन्हात धरली. विकणाऱ्याचा हा डाव मला माहीत आहे, तरी पाहत राहिलो.

डाव्या अंगाला गाल टेकायचा उंचवटा आहे, त्याची कड अजून बोटाला लागते. पकडीवरची जाळी हातानं कोरलेली. उजव्या बाजूला, जिथं तळहात बसतो तिथं, जाळीचे दाणे झिजून सपाट झालेत. डाव्या बाजूला शाबूत आहेत. म्हणजे रायफल वापरलेली आहे, नुसती दिवाणखान्यात टांगलेली नाही, आणि वापरणारा उजवा होता. खालच्या अंगाला एक छोटी अंडाकृती चांदीची पट्टी. त्यावर जुन्या मालकाची अक्षरं होती, कोणीतरी ती कानशीनं घासून काढली आहेत. पट्टी तशीच, नाव गेलेलं.

ती कोणत्या घरातून आली ते मालकानं सांगितलं, मी इथं लिहीत नाही. जुनं मालगुजार, म्हणजे जमीनदार, घराणं, एवढं पुरे. 1951 मध्ये मालगुजारी गेली, वाडे राहिले, वाड्यांत बंदुका राहिल्या. आता वारस पुण्याला नोकरीत आहेत, त्यांना लायसन्स नको, म्हणून रायफल दुकानात जमा करून विकायला ठेवली. माझे आजोबा अशाच शिकारींत हाका घालायला जात. डबे वाजवत जंगलातून चालायचं, जनावर ज्याच्याकडे निघेल तो साहेब नाहीतर मालगुजार माचीवर बसलेला. आजोबांनी अशी रायफल लांबून पाहिली असेल, हातात कोण देतंय? मी काउंटरवर दोन्ही हातांनी धरून उभा होतो आणि मालक मला चहा विचारत होता. 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि माचीही गेली, हाकाही गेला. बरंच झालं.

यंत्राबद्दल. बोल्टची मूठ वर करून नळी आभाळाकडे केली की बोल्ट आपल्या वजनानं मागं येतो. ढकलावा लागत नाही. माझ्या .315 चा बोल्ट काही वाईट नाही, पण यापुढे तो बैलगाडीच्या आखाच्या जातीचा. या रायफलीचं खरं नवल मॅगझिनमध्ये आहे. खाली लोंबणारी पेटी नाही. आत एक फिरती भिंगरी आहे, तिच्या खाचांत पाच काडतुसं एकेकटी बसतात, एकमेकांवर घासत नाहीत. बाजूचं बटण दाबलं की सगळी वर उसळून हातात. खालची पट्टी गोळीच्या टोकानं दाबून फिरवली की भिंगरीसकट सगळा सांगाडा बाहेर येतो, कोणतंही हत्यार लागत नाही. चाचांनी डमी काडतुसं घालून दाखवलं. पाचही चढली, पाचही निघाली, कुठं अडकलं नाही. शंभरेक वर्षांच्या स्प्रिंगची मला काळजी होती, ती मिटली. बटच्या तळाला पोलादी झाकण आहे, त्यात साफ करायच्या दांड्याचे तुकडे ठेवायला भोकं. दांडा मात्र नव्हता. कुठं गेला कोणास ठाऊक.

चाप दोन आहेत. मागचा ओढला की पुढचा इतका हलका होतो की बोट टेकवायचाच अवकाश. डोंगरात, उजेडात, निवांत नेम धरणाऱ्या माणसासाठी हे केलेलं आहे. आमच्याकडे रात्री, दवानं ओल्या हातांनी, बाजूला दोन पोरं बसलेली असताना असला चाप म्हणजे आफत. पहिला वजा गुण इथं.

दुसरा वजा गुण त्याच सुंदर लाकडाला. नळीच्या तोंडापर्यंत लाकूड असलं की ते फुगल्यावर नळीला दाबतं आणि नेम सरकतो. उन्हाळ्यात लावलेला नेम भादव्यात राहील याचा भरवसा नाही. हे युरोपातल्या कोरड्या थंडीचं लाकूड आहे, झाडीपट्टीतल्या दमटपणाचं नाही. मी नळी आणि लाकडाच्या मधून कागदाची पट्टी फिरवून पाहिली, पुढच्या टोकापाशी अडकली. भर पावसाळा होता, अडकणारच. म्हणून लाकडाला दिलेले दहा हे डोळ्यांचे गुण आहेत.

तिसरी गोष्ट नळी. बॅटरीच्या उजेडात आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) नीट दिसले, पण तोंडाकडच्या चार बोटांत बारीक खड्डे होते. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यात क्षार राहायचे. गोळी झाडून त्याच रात्री गरम पाण्यानं नळी धुतली नाही तर पावसाळी हवेत गंज धरायचा. मालगुजारांच्या घरी शिकारीच्या रात्री नळी धुणारं कोणी जागं नसावं. चाचांनी एक काडतूस उलटं करून गोळीचं नाक नळीच्या तोंडात घालून दाखवलं. फार आत गेलं नाही. म्हणजे झीज कमी, गंजच तेवढा. बोल्टवरचा आणि अंगावरचा नंबर एकच होता, हेही तपासलं. पोलादाचा निळा रंग मात्र नवा मारलेला आहे. मालक म्हणाला मूळचा आहे. चाचा खाली मान घालून कानस शोधू लागले.

गोळी झाडून पाहिली नाही. तशी सोय तिथं नाही, आणि गावात झाडायची नसते.

आणि शेवटी काडतूस. इथं सगळं संपतं. दुकानात कायनॉक या विलायती कंपनीच्या काडतुसांचा एक जुना अर्धा डबा होता, कागदाचा रंग उडालेला. तो संपला की? युरोपात ही काडतुसं थोडीफार बनतात, पण आमच्या तालुक्यात .315 आणि बारा बोअर बंदुकीच्या शक्तिमान काडतुसांशिवाय काही येत नाही. 1980 च्या दशकात खासगी माणसाला बाहेरून बंदूक आणणं बंद झालं, तेव्हापासून देशात आहेत तेवढ्याच विलायती रायफली या हातातून त्या हातात फिरतात आणि भाव चढतो. मालकानं साडेचार लाख सांगितले. मी हसलो, तर चार म्हणाला. चारातही माझं एक वर्षाचं धान जातं, आणि वर ती भुकेली राहणार.

मग घ्यावी कोणी? ज्याच्या लायसन्सवर जागा रिकामी आहे, ज्याला लाकूड आणि यंत्र कळतं, आणि ज्याला गोळी झाडायची घाई नाही त्यानं. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालायच्या. त्यातली एक जागा शोभेला द्यायची का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. माझ्याकडे वडिलांची बारा बोअर आणि ही .315, दोन्ही जागा भरलेल्या. म्हणून मोह आवरायचं श्रेय मला नाही, सरकारला आहे.

कागदाच्या बाबतीत दुकान चोख आहे, त्यासाठी सातातले चार गुण. विकत घेणाऱ्याचं लायसन्स, त्यावरचा युनिक नंबर, जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी, जमा केल्याची नोंद, हे सगळं पाहिल्याशिवाय मालक बयाणाही घेत नाही. शिवाय आमच्या भागात आणखी एक भानगड आहे. अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लायसन्सधारकाला वनखात्याकडे नाव नोंदवावं लागतं, आणि नवं लायसन्स द्यायलाही त्यांची संमती लागते. 2018 मध्ये घोडाझरी अभयारण्य झालं तेव्हा आसपासच्या कित्येकांना हे पहिल्यांदा कळलं. मालकानं मला आपणहून आठवण दिली, अर्जाचा नमुनाही दिला. रंगाबद्दल खोटं बोलणारा माणूस कागदाबद्दल इतका खरा कसा, हे मला सुटलेलं नाही.

आता माझ्या .315 चं काम. पोळ्याच्या आधी देतो म्हणाले होते, दसरा आला. पण काम पाहून राग राहिला नाही. चीर नुसती डिंक भरून बुजवली नाही. आत पितळेची बारीक खिट्टी आडवी घातली, वरून लाकडाची चकती बसवली, रेषेला रेष जुळवून. मला जागा माहीत होती म्हणून सापडली. आणि या लाकडावरचं जुनं पाप काढलं. एका मोठ्या शहरातल्या दुकानानं मागे यावर जाड चकचकीत वॉर्निश मारून दिलं होतं, बारशाच्या पाळण्याला मारतात तसलं. हात घामेजला की घसरायचं, आणि टवके उडाले की आत पाणी शिरायचं.

चाचांनी ते खरवडून काढलं आणि जवसाचं तेल दिलं. हो, आपलं जवसच. ज्याची चटणी खाऊन आपण मोठे झालो. विलायती बंदुकांच्या लाकडाला पूर्वापार हेच तेल देतात, आणि आमच्याकडे ते शेजारच्या वावरात पिकतं. कच्चं तेल वाळायला फार दिवस घेतं म्हणून उकळलेलं घ्यायचं. पहिल्या हाताला थोडं टर्पेंटाइन मिसळायचं, म्हणजे खोल जातं. मग चार-सहा थेंब तळहातावर घेऊन लाकूड गरम होईपर्यंत चोळायचं, उरलेलं तेल फडक्यानं पुसून टाकायचं, आणि पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा हात द्यायचा नाही. जाड दिलं की चिकट राहतं आणि धूळ धरतं. "लोकायले एका दिवसात चमक पाहिजे जी," चाचा म्हणाले, "म्हणून वॉर्निश खपते." तेलाची फडकी त्यांनी अंगणात तारेवर पसरून वाळत घातली होती. बोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेट घेतात, हे त्यांनी दोनदा बजावलं. घरी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

ईशापूरच्या लाकडात अक्रोडाची ऐट नाही, ती तेलानंही येणार नाही. पण आता ते लाकडासारखं दिसतं आणि हातात लाकडासारखं लागतं. मजुरी साडेतीन हजार, पावती मिळाली. मालकानं पाच सांगितले होते, चाचांनी मागच्या खोलीतून साडेतीन म्हटलं.

जायचं असेल तर लायसन्सचं मूळ पुस्तक घेऊन जा, झेरॉक्सवर मालक कपाट उघडत नाही. सोमवारी बाजार असतो, त्या दिवशी चाचा दुपारनंतर सापडत नाहीत. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या दिवसांत अजिबात जाऊ नका. अर्धा तालुका बंदुका जमा करायला रांगेत असतो, चाचा पावत्या फाडत बसतात आणि तुमची रायफल टेबलाखाली पडून राहते. मॅनलिचर मागच्या आठवड्यापर्यंत तिथंच होती. भाव साडेतीनवर आला आहे असं ऐकतो.